जावयाने न चाखलेली केळी

आमचे डॉक्टर आणि माझी आई एकमेकांसमोर येत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. आमच्याकडे जावयाने आणि सासूने समोरासमोर यायचंच नसतं. एका चटईवर बसायचं नाही, हातात हात द्यायचा नाही, एका ताटाच्या आसपास दिसायचं नाही. जावई अंगणात शिरला की सासू मागच्या दाराने बाहेर पडते, आणि वाटेत गाठ पडलीच तर रस्ता सोडून सरळ कॉफीच्या झुडपांत घुसते. आईचे उंच खांद्यांचे दोन चांगले गोमेसी झगे डॉक्टरांपायी त्या झुडपांत फाटले आहेत. त्याचा हिशेब ती अजून मला ऐकवते.

बोलायचं असेल तर मध्ये माणूस लागतो. आमच्या घरी ते काम युनिया आत्याचं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आईची नणंद. माझं लग्नही तिनेच जमवलं, त्यामुळे ती स्वतःला आमच्या संसाराची मालकीण समजते. पद्धत अशी: डॉक्टर ओसरीवर, आई आतल्या खोलीत पडद्यामागे, आत्या उंबऱ्यावर. डॉक्टर बोलतात ते आईला ऐकू जातं, कारण आमचं घर काही राजवाडा नाही. पण ते ऐकलेलं धरायचं नाही. आत्या वळून सांगेल तेव्हा ते ऐकलेलं. आणि आत्याला तिखटमीठ लावल्याशिवाय साधा 'राम राम'सुद्धा पोचवता येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण केळी.

डॉक्टर माणसांचे नाहीत, केळीचे. किवोटोका नावाचा रोग आमच्या बागा खातो. पानं पिवळी पडून माना टाकतात, घड अवेळी पिकतो आणि आतून तपकिरी निघतो, खोड कापलं तर पिवळा चिकट स्राव. एक झाड गेलं की अख्खं बेट जातं. डॉक्टरांच्या संशोधन केंद्रात ढोबळी मिरचीतलं एक जनुक केळीत घातलंय आणि त्या केळीला हा रोग शिवत नाही. पण कायद्याचं अजून काही ठरलेलं नाही, म्हणून ती झाडं काटेरी तारेच्या आत, दोन फाटकांमागे, रखवालदाराच्या नजरेखाली असतात. आत जाताना बूट बदलायचे, बाहेर येताना परत बदलायचे. घरी मात्र हाच माणूस चिखलाचे बूट घेऊन थेट माझ्या बैठकीत येतो.

मी केस विणते. वोबुलेन्झीला रस्त्यालगत माझं दुकान आहे. खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई हमखास विचारते, "नासोलो, तुझ्या नवऱ्याची केळी खाऊन पुरुष निकामी होतात म्हणे?" मी म्हणते, "मला तीन मुलं आहेत. मान सरळ ठेव."

मग केंद्राने ठरवलं, लोकांना ही केळी हवीत की नकोत ते गावोगाव जाऊन विचारायचं. राजधानीतल्या समितीच्या एक बाई सोबत येणार आणि बायकांचं म्हणणं ऐकणार. गावं नाही म्हणाली तर मळा उपटून टाकायचा, डॉक्टरांची इतक्या वर्षांची मेहनत मातीत. आणि चिठ्ठीत पहिलं गाव निघालं लुगो. माझं माहेर. लुगोच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष कोण, तर पेरागिया, म्हणजे माझी आई. तिने मान हलवली की सगळं मंडळ मान हलवतं, मग ती मान कोणत्याही दिशेला हलो. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"दुसरं गाव मागून घ्या ना," मी म्हटलं.

"काय कारण देऊ? सासूची भीती वाटते म्हणून?"

"सगळ्यांनाच वाटते. समजून घेतील."

शेवटी सभेच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारी लुगोला गेलो. आईला आधीच विश्वासात घ्यावं, असा डॉक्टरांचा बेत. सगळे आपापल्या जागी बसले. मी आत्याच्या मागे, भिंतीला टेकून, म्हणजे मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "आत्या, आईंना सांगा, उद्याच्या सभेबद्दल बोलायचं होतं."

आत्या पडद्याकडे वळली. "पेरागिया, जावईबापू म्हणतात, तुझ्यासारखी सासू अख्ख्या जिल्ह्यात नाही."

"वन्सं, त्यांना म्हणावं, सभेचं बोला," आतून आवाज आला.

आत्या ओसरीकडे वळली. "ती म्हणते, किती गोड बोलता हो तुम्ही."

असं बराच वेळ चाललं. आईने विचारलं, "केळीत मिरचीचं काय म्हणून घातलंय? खाताना जीभ भाजायची का?" डॉक्टरांनी पेशी, प्रथिनं, जिवाणू असं काहीबाही सांगितलं. आत्याने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि पडद्याला सांगितलं, "मिरचीचा तिखटपणा घेतला नाही, नुसता रागीटपणा घेतलाय. रोग आला की अंगावर धावून जातं." डॉक्टर दचकले. इतकं सोपं त्यांना आजवर एकदाही सांगता आलं नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. "वन्सं, विचारा त्यांना, चवीला कसं लागतं?"

डॉक्टरांनी नजर खाली वळवली. मला वाटलं शब्द शोधत असतील. हा माणूस माझ्या स्वयंपाकालासुद्धा 'ठीक आहे' यापलीकडे काही म्हणत नाही.

"सांगा," ते हळूच म्हणाले, "मी खाल्लेलं नाही."

"काय?" हे मी.

"घड उतरला की वजन करायचं, चिरायचं आणि खड्ड्यात पुरायचं. कुणी खायचं नाही. परवानगी नाही."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

दुकानात मी तीन मुलांचा दाखला देत होते तो कशाच्या जोरावर? मला वाटायचं खात असतील, न खाता कोण केळी लावतं! आमच्याकडे पाहुण्याला केळ्याची दारू द्यायची तरी पहिला घोट यजमान घेतो, त्यात विष नाही हे दाखवायला. आणि हा माणूस सासूच्या चुलीपर्यंत केळी आणायला निघाला होता, स्वतः एक घास न खाता.

आत्याचा चेहरा पडला होता. पण ती खमकी बाई आहे. पदर सावरल्यासारखा कमरेचा पट्टा सावरून ती पडद्याकडे वळली. "पेरागिया, जावईबापू म्हणतात, मऊसूत लागतं. पहिला घास खाल्ला आणि त्यांना आजीच्या हातच्या मटोक्याची, वाफवलेल्या केळ्यांची, आठवण झाली."

डॉक्टर उठायला लागले. मी डोळ्यांनीच त्यांना खाली बसवलं. मधल्या माणसाचं बोलणं तिथल्या तिथे खोडून काढायचं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडायचं, आणि तेही ज्या आत्याने त्यांना बायको मिळवून दिली तिला!

मग आई म्हणाली, "वन्सं, सांगा त्यांना, ऐकलं."

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी गाडी हळू केली. "त्यांनी नक्की काय ऐकलं?"

"दोन्ही."

"पण धरणार कोणतं?"

"आत्याचं. रीत तीच आहे."

"म्हणजे मी खोटं बोललो?"

"रीतीने पाहिलं तर, हो."

त्यानंतर वोबुलेन्झी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. जणू रीत मीच काढली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या फणसाखाली सभा भरली. बायका चटयांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. आईची जागा पुढे, पण पुढे जावई उभा, म्हणून ती अगदी मागे, शाळेच्या भिंतीकडे तोंड करून बसली. अध्यक्षबाई सभेकडे पाठ करून का बसल्यात, हे राजधानीच्या बाईंना कुणीतरी कानात सांगितलं, तेव्हा त्या हसल्या आणि "आमच्याकडेही असंच" म्हणाल्या. केंद्राचे संचालक लुबोवा साहेब सोबत आले होते. त्यांनी रंगीत पत्रकं वाटली. त्यावर एक कुटुंब ताटाभोवती बसून असं काही हसत होतं की जेवताना इतकं हसणारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत.

प्रश्न सुरू झाले. बाजारात टोमॅटो विकणारी नामुली पहिली उठली. तिला सभा म्हणजे माहेरपण. "साहेब, मिरची आधीच आत घातलीय, तर शेंगदाण्याच्या कालवणात मी आणखी घालू की नको?"

"घाला, घाला," साहेब म्हणाले.

"आणि ते पुरुषांचं? नाही, कमी होणार असेल तर आम्हाला चालणार नाही. वाढणार असेल तर आत्ताच सांगा, मी तयारीला लागते."

फणसाखाली हशा पिकला. राजधानीच्या बाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसल्या. कुणी म्हणालं, रेडिओवर सांगत होते, केळीत माशाचं रक्त घातलंय. डॉक्टर म्हणाले, मासा नाही, मिरची, आणि मग मोठ्या धिटाईने, "तिखटपणा नाही, नुसता रागीटपणा." बायकांनी माना डोलावल्या. आत्या उगाच इकडेतिकडे बघत राहिली, कुणी श्रेय देतंय का म्हणून.

"ते सगळं ठीक," नामुली म्हणाली, "पण चव? आमच्या केळ्यासारखी लागतात का?"

"अगदी तशीच!" लुबोवा साहेबांनी पत्रक उंच धरलं. "इथे छापलंय बघा. आणि माझं कशाला ऐकता, हे डॉक्टर मुकालाझी तुमच्याच गावचे जावई. त्यांनाच विचारा. काय डॉक्टर? तशीच लागतात ना?"

'हो' हा शब्द साहेबांनी भरवल्यासारखा त्यांच्या तोंडात ठेवला होता, गिळायचं तेवढं काम उरलं होतं. डॉक्टरांनी पत्रकाकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या डोक्यांवरून पार मागे, आईच्या पाठीकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी खाल्लेली नाहीत. साहेबांनीही नाहीत. ज्याने हे पत्रक छापलं त्यानेही नाहीत. परवानगी नाही. आम्ही ती पुरतो."

मग जो हशा उठला, फणसावरचे पक्षी उडाले.

"लावायची, वाढवायची आणि पुरायची!" नामुली डोळे पुसत म्हणाली. "याला शेती म्हणतात की मयत? आम्हाला कळवायचं तरी, रडायला आलो असतो!"

लुबोवा साहेब रुमालाने मान पुसत होते. हसणं हसण्यावारी गेलं असतंही. पण तेवढ्यात युनिया आत्या उठून उभी राहिली.

"थांबा," आत्या म्हणाली. "काल माझ्या भावाच्या ओसरीवर बसून हा माणूस म्हणाला, मऊसूत लागतं, आजीची आठवण झाली. मी स्वतः ते पेरागियाला सांगितलंय. आज म्हणतो खाल्लंच नाही. यातलं खरं कोणतं?"

हसणं एकदम थांबलं. आत्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती सांगते तेच बोललेलं असतं, हीच तर तिची उभी जिंदगी. कालचं बोलणं डॉक्टरांचं नव्हतं हे तिला आता खरंच आठवत नव्हतं, असंसुद्धा असेल.

"म्हणजे सासूला काल एक आणि गावाला आज एक?" नामुली म्हणाली, आणि या वेळी ती चेष्टा करत नव्हती. "केळ्यांचं राहू द्या बाजूला. माणूसच दुतोंडी."

बायका आपसांत कुजबुजायला लागल्या. दोघीतिघींनी पत्रकं चटईवर उपडी ठेवली. राजधानीच्या बाई लिहायच्या थांबल्या. डॉक्टरांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. काय सांगणार? आत्या खोटं बोलली म्हणून, भर सभेत? मला त्यांची इतकी दया आली, आणि इतका रागही आला, की वाटलं उठावं आणि सगळ्यांना चार शब्द सुनवावेत. पण आत्याविरुद्ध बोलायला माझी जीभ उचलेना. मला वाढवलेलं तिने.

तेव्हा मागून आवाज आला. "वन्सं, बसा."

आई उभी राहिली होती. तोंड अजून भिंतीकडेच. नणंदेला 'बसा' म्हणताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. आत्यानेही नसावं, कारण ती बसली.

"काल जावई काय म्हणाले ते मी ऐकलं," आई भिंतीला म्हणाली.

"माझ्याकडूनच ऐकलंस ना!" आत्या बसल्या जागेवरून म्हणाली.

"तुमच्याकडून नंतर. आधी त्यांच्याकडून. पडदा कापडाचा आहे, वन्सं, विटांचा नाही."

पुन्हा हशा उठला, पण आईने हात वर केला तशी सगळ्या गप्प झाल्या.

"ते म्हणाले, खाल्लं नाही, परवानगी नाही. एवढंच म्हणाले. मला ऐकू येतं. लग्न झाल्यापासून सगळं ऐकू येतं. यांचं पहिलं लेकरू गेलं, तेव्हा हा माणूस माझ्या ओसरीवर बसून रडत होता, आणि वन्सं मला सांगत होत्या, जावई शेळ्यांची चौकशी करतायत."

आत्याने मान खाली घातली. "तुला आणखी त्रास नको म्हणून," ती पुटपुटली.

"माहीत आहे मला. म्हणून मीही सांगितलं, शेळ्या बऱ्या आहेत." आईने श्वास घेतला. "आता राजधानीच्या बाई, तुम्ही लिहा. न चाखलेल्याला लुगोच्या बायका हो म्हणत नाहीत. आणि नाहीही म्हणत नाहीत. माझी निम्मी बाग किवोटोकाने नेलीय, नाही म्हणायचा तोरा मला परवडत नाही. परवानगी द्या. पहिला घड आमच्या चुलीवर येऊ द्या. मग सांगू. तोवर हे हसरे कागद वाटू नका. आणि आम्हाला विचारायला कुणी पाठवायचंच असेल, तर 'खाल्लं नाही' म्हणणाऱ्यालाच पाठवा."

एवढं बोलून ती भिंतीच्या कडेकडेने, जावयाकडे न बघता, निघून गेली. बायका उठल्या आणि तिच्यामागे गेल्या. पत्रकं मात्र सगळ्यांनी नेली. दुसऱ्या दिवशी बाजारात शेंगदाणे त्याच कुटुंबात गुंडाळून मिळत होते.

लुबोवा साहेब डॉक्टरांशी अजून धड बोलत नाहीत. मळा मात्र उपटला नाही. राजधानीच्या बाईंनी वर लिहिलंय म्हणे, की आधी लोकांना चाखू द्या. वरून उत्तर आलेलं नाही. आणि युनिया आत्या रुसली आहे. मी समजूत काढायला गेले तर म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बोला की. पडदा कापडाचाच आहे ना!"

दरम्यान आईच्या बागेतलं उरलेलं बेटही पिवळं पडायला लागलं. डॉक्टर एका रविवारी स्वतः कोयता घेऊन गेले. शेकोटी पेटवली, आणि एक एक झाड तोडून झालं की पातं विस्तवात धरत होते, म्हणजे रोग पुढच्या झाडाला जायला नको. एरवी घरात काडी इकडची तिकडे करत नाहीत, पण त्या दिवशी घामाने थबथबले होते. कडेच्या एका झाडाला अजून काही झालं नव्हतं. त्याचा घड त्यांनी आधी उतरवला आणि माझ्या हाती आत पाठवला. मग ते झाडही तोडलं, कारण त्याच बेटातलं होतं.

आईने ती केळी सोलली, पानांत बांधली, वाफवली, आणि पानांवरूनच तळहातांनी दाबून दाबून मऊ केली. वर शेंगदाण्याचं कालवण. मी ताट बाहेर नेलं. डॉक्टर स्वयंपाकघराच्या कुडाला टेकून बसले होते. त्यांनी एका हाताने फोन काढला आणि दुसऱ्या हाताने खायला सुरुवात केली, नेहमीसारखी.

"खाताय ना?" कुडातून आवाज आला.

मी आत्या कुठे आहे म्हणून मागे वळून पाहिलं. आत्या नव्हती. कुणीच नव्हतं. डॉक्टरांचा घास हातात राहिला.

"हो... हो, आई."

"फोन ठेवा खाली."

ठेवला.

"हळूहळू खा. माझ्या सासूने लावलेलं बेट होतं हे, याचं आता एवढंच. तुमचं जेव्हा केव्हा येईल, तेव्हा असंच लागतं की नाही, हे सांगायला कुणीतरी हवं. मी तोवर असेन, नसेन. नासोलोवर सोडता येत नाही, ती कशातही मीठ जास्त घालते."

माझा अपमान झाला होता, पण त्या दिवशी मी तो सोडून दिला.

डॉक्टरांनी तो एक घास किती वेळ तोंडात घोळवला. मग दुसरा. डोळे मिटून, मध्येच थांबून, खात राहिले. ताट पुसून रिकामं झालं तेव्हा ते कुडाकडे वळले.

"आई, अजून थोडं आहे का? नीट लक्षात राहायला हवं."